मोबाईलच्या पंगतीतले घरमालक

आमच्या घरमालकांनी मोबाईलला जेवढी ताटं दाखवली, तेवढी देवाला उभ्या जन्मात दाखवली नसतील. आणि दाखवायची म्हणजे कशी? ताट पुढ्यात आलं की डोक्यावरची टोपी सारखी करायची. उजव्या हातानं ताटाभोवती पाणी फिरवायचं. बाजूला चार शितं ठेवायची. मग फोन दोन्ही हातांत असा उंच धरायचा, की बघणाऱ्याला वाटावं आता हे आरती ओवाळणार. खटकन आवाज झाला की फोन पाण्याच्या तांब्याला टेकवून उभा करायचा आणि हात मांडीवर ठेवून वाट बघत बसायचं.

"अवो, जेवा की. निवालं सगळं," मालकीणबाई म्हणायच्या.

"मॅडमचं येऊ दे."

"मॅडम काय येऊन घास भरवणारे का?"

"पंगतीची रीत असती. नाव घेतल्याबिगर पहिला घास उचलत नाय माणूस."

मॅडम म्हणजे पुण्यातल्या एक आहाराच्या बाई. मालकांची लेक पुण्याला दिलेली. तिनं बापाच्या फोनमध्ये वजन उतरवायचं ॲप घालून दिलं होतं. जेवायच्या आधी ताटाचा फोटो पाठवायचा. मॅडम तो बघणार. ताट बरं असलं तर वर केलेला अंगठा पाठवणार, नसलं तर 'काका, भात निम्मा करा' असं लिहिणार. अंगठ्यासाठी थांबायची खरं तर काही गरज नव्हती. लेकीनं कितीदा तरी समजावलं, "बाबा, फोटो टाका आणि जेवून घ्या. त्या सवडीनं बघतात." पण हे काही मालकांच्या डोक्यात शिरलं नाही. पंगतीत एकजण मोठ्यानं देवाचं नाव घेतो आणि मगच सगळे घास उचलतात. तसा मॅडमचा अंगठा आला की जेवायचं, हे त्यांनी आपल्या मनानं ठरवून टाकलेलं. बरं, एकट्यानं थांबायचं नाही, घरातल्या सगळ्यांनी थांबायचं. ती पण रीतच. एकदा मॅडम सुट्टीवर गेल्या, तर दुपार टळून गेली तरी त्या घरात कुणी जेवलेलं नव्हतं.

"मिस्त्री," मालकीणबाई मला म्हणाल्या, "ह्या बाईनं ह्यांचं वजन उतरवायच्या आधी माझंच उतरवलं."

मी त्यांचा वरच्या खोलीतला भाडेकरू. धंद्यानं गवंडी, म्हणून सगळे मिस्त्री म्हणायचे. छावणीतल्या त्या घराची वरची खोली मीच बांधली, खालून वर जाणारा जिनाही मीच बांधला, आणि काम झाल्यावर बायकोला घेऊन तिथंच राहायला आलो. तो जिना उभा आहे. अंगणात जागाच तेवढी होती, त्याला मी तरी काय करणार? पण मालक पायरीवर पाय ठेवला की मला शिव्या घालायचे. "मिस्त्री, जिना बांधलास का शिडी लावलीस रे?" निम्म्यात वळणावर थांबायचे, कठड्याला धरून धापा टाकायचे आणि उरलेल्या शिव्या तिथून घालायचे.

मालकांचा धंदा मंडपाचा आणि भांड्यांचा. लग्न, बारसं, भंडारा, काहीही असो, भांडी त्यांच्याकडूनच जायची. पार खुलताबादपर्यंत. भांडी पोरांच्या हवाली करून घरी बसणारा हा माणूस नव्हता. टेम्पोत भांड्यांबरोबर स्वतः बसून जायचे आणि शेवटची पंगत उठून भांडी घासून परत मोजली जाईपर्यंत तिथंच असायचे. एक वाटी कमी आली तर अर्ध्या रस्त्यातून टेम्पो मागं फिरवणार. आता दिवसभर लग्नघरी बसलेल्या माणसाला कुणी उपाशी ठेवतं का? पहिल्या पंगतीला पाहुणे म्हणून जेवायचे, मधल्या एका पंगतीला कुणीतरी हात धरून बसवायचं, आणि शेवटच्या पंगतीला घरच्या माणसांबरोबर, कारण घरची माणसं एकटी बसली तर बरं दिसत नाही. असं सगळ्या जन्मभर. मग पोट सुटणार नाही तर काय होईल? मी तर त्यांना तोंडावर म्हणायचो, "मालक, तुमच्या पोटावर ओळंबा धरला तर दोरी पायाला लागायची नाय."

"गप," ते म्हणायचे. "लोकांचं मन राखून राखून आलंय हे."

ताट कसं वाढायचं यात मात्र त्यांचा हात धरणारा जिल्ह्यात कुणी नसेल. मीठ वर मधोमध. त्याच्या डाव्या अंगाला लिंबू, चटणी, कोशिंबीर. उजवीकडं भाजी आणि आमटीची वाटी. येसराची आमटी वाटीतून ताटात सांडलेली दिसली तर वाढप्याच्या हातातून पळी काढून घ्यायचे. आणि पंगतीच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरत, प्रत्येकाच्या ताटात वाकून बघत म्हणायचे, "सावकाश होऊ द्या! सावकाश होऊ द्या!" भांडी भाड्यानं देणाऱ्याचं हे काम आहे का? नाही. पण यजमानाला वाटायचं, हा आपला पाहुणा असेल, आणि पाहुण्यांना वाटायचं, हा यजमान असेल.

मग गुडघे गेले. डॉक्टर म्हणाले, दोन्ही बदलावे लागतील, पण आधी वजन उतरवा, तोवर मी हात लावत नाही. दुखणं लई होतं, पण त्याची तक्रार मालकांनी कधी केली नाही. त्यांचं रडगाणं वेगळंच होतं. खाली मांडी घालून बसता येईना, म्हणून पंगतीत बसता येईना. लोक त्यांना खुर्ची-टेबल द्यायचे. नाहीतर आजकालचं ते उभ्यानं जेवायचं. "हातात ताटली घेऊन हिंडायचं, जत्रंत हरवल्यावानी," ते म्हणायचे. "मिस्त्री, एकदा, फक्त एकदा मला खाली बसून जेवायचंय. शेजाऱ्याचा गुडघा आपल्या गुडघ्याला लागायला पायजे. त्याला जेवण म्हणत्यात."

म्हणजे बघा, या माणसाला पंगतीत बसून पोटभर जेवता यावं म्हणून जेवण कमी करायचं होतं. मी हे त्यांना बोलून दाखवलं तर म्हणाले, "शाळेत गेला नाहीस, तरी वाकडं बोलायला शिकलास बरोबर."

लेकीनं पुण्याहून एक वजनाचा काटा पाठवला. काचेचा. त्यावर इथं छावणीत उभं राहिलं की वजन तिकडं पुण्यात लेकीला आणि मॅडमला दिसायचं. मालकांना हा प्रकार अजिबात पसंत नव्हता. "आपलं ओझं पोरीनं बघावं? काय जमाना आला!" पण उभं राहायचे. त्याचाही एक सोहळा. घड्याळ काढायचं, अंगठी काढायची, चष्मा काढायचा, शेवटी कवळीसुद्धा काढून खिडकीत ठेवायची. मग काट्यावर चढायचं आणि हळूच खिडकीचा गज धरायचा.

"खिडकी सोडा," मालकीणबाई स्वयंपाकघरातूनच ओरडायच्या. बघायची गरजच नव्हती त्यांना.

"तोल जायलाय म्हणून धरली," बिनकवळीच्या तोंडानं मालक काहीतरी असंच पुटपुटायचे.

चालायला सांगितलं तर त्यातही तेच. फोन खिशात घालून चालायचं, आणि कुठं कुठं चाललो त्याची रेघ फोनमध्ये उमटायची. ती रेघही लेकीला दिसायची, हे मालकांना कुणी सांगितलंच नव्हतं. एका संध्याकाळी लेकीचा फोन आला. मी तिथंच ओट्यावर होतो.

"बाबा, छावणीच्या बाजारात त्या कोपऱ्यावर रोज एवढा वेळ कशाला थांबता?"

"मित्र हाय तिथं. रामराम घालतो."

"मित्र भजी तळतो का?"

मालकांनी फोनकडं असं बघितलं, जसा काही तोच फितूर झालाय. पुढं चार दिवस ते फोन घरी ठेवून चालायला गेले.

माझं त्या वेळी काय चाललं होतं, ते सांगितल्याशिवाय पुढचं समजायचं नाही. माझी बायको वारली त्याला वर्ष होत आलं होतं. लेक देवगाव रंगारीला असते. ती म्हणायची, बाबा, इकडं या. मी गेलो नाही. त्या खोलीतून निघावंसंच वाटेना. भाकरी माझी मीच थापायचो; भिंतीला गिलावा करणाऱ्या हाताला भाकरी जमायला हवी, पण जमत नव्हती. एक बाजू कच्ची राहायची, एक करपायची. त्यातली अर्धी खायचो, ठेच्याबरोबर नाहीतर नुसत्या मिठाबरोबर. उरलेली गाईला. भूकच लागत नव्हती. धोतर सैल झालं होतं, सदऱ्यात आणखी एक मिस्त्री मावला असता. कामाला जायचं बंद केलं. कुणी विचारलं तर सांगायचो, वय झालं. खरं सांगायचं तर मी आपला संपायची वाट बघत होतो आणि त्याबद्दल मला काही वाईटही वाटत नव्हतं.

तिचं ताट मी कुणाला दिलं नव्हतं. जेवायला बसलो की माझ्या शेजारी पालथं घालून ठेवायचो. रोज धुवायचो, पुसायचो, पालथं ठेवायचो. बास.

एके दुपारी मालक भाड्याचं काहीतरी विचारायला जिना चढून वर आले. धापा टाकत दारात उभे राहिले. मी जेवायला बसलो होतो. त्यांनी माझ्या ताटाकडं बघितलं आणि त्यांचे डोळे एकदम चमकले. त्या दिवशी सकाळपासून मॅडमनी त्यांना दोनदा झापलं होतं, एकदा तुपावरनं आणि एकदा पोह्यांवरनं.

"मिस्त्री, थांब. हात लावू नको."

फोन काढला, वर धरला, खटकन फोटो. पाठवून दिला. थोड्या वेळानं अंगठा आला, अंगठ्यामागं दोन टाळ्या वाजवणारे हात आले. मालक लग्नात नवरदेवानं आहेर बघावा तसे त्या टाळ्यांकडं बघत राहिले. "मॅडमनी टाळ्या वाजवल्या. मला! आजवर नुसती बोलणीच खात आलोय."

"ताट माझं हाय," मी म्हणालो.

"टाळ्या तर मला आल्यात ना?" असं म्हणून खाली गेले आणि आपलं जेवले. पोटभर.

तेव्हापासून रोज दुपारी यायचे. माझं ताट दाखवायचे, अंगठा घ्यायचे, खाली जाऊन जेवायचे. वर मलाच बोल लावायचे, "मीठ कुठं ठेवलंस? मॅडम काय म्हणतील? मीठ मधोमध ठेव." मी म्हणायचो, "चोरी करायची ती करा, वर रुबाब कशाला?" गंमत अशी, की चोरी करायला रोज तो जिना चढावा लागायचा. काटा किंचित हलला तो त्या जिन्यानंच. बाकी वजन होतं तिथंच. पुण्यात बिचाऱ्या मॅडमचं डोकं चालेना. ताट म्हणतंय माणूस उपाशी, काटा म्हणतोय माणूस लग्नातून आलाय.

शेवटी एका रविवारी सकाळी मॅडमनी समोरासमोर दिसणारा फोन लावला. मालक ओट्यावर खुर्चीत बसलेले. मी तिथंच खाली, फुटलेली पायरी लिंपत होतो. मालकीणबाईंनीच बोलावलं होतं. फोन तांब्याला टेकवलेला. मॅडम म्हणजे माझ्या लेकीपेक्षाही लहान पोरगी, चष्मेवाली, केस वर बांधलेले.

"काका, तुमच्या वजनाचा आणि ताटाचा मेळच बसत नाही. खरं सांगायचं हं."

"सांगतो की."

"भाकरी तुम्ही स्वतः करता का?"

मालक गडबडले. "व्हय. म्हणजे... शिकायलोय."

"वाटलंच मला. रोज एका बाजूनं करपलेली असते. आणि रोज अर्धीच. भाजी तर ताटात दिसलीच नाही कितीतरी दिवस." मग तिचा आवाज बारीक झाला. "काका, एक विचारू? रागावणार नाही ना?"

"विचारा."

"तुमच्या ताटाशेजारी रोज दुसरं एक ताट असतं. पालथं. आधी मी लक्ष दिलं नाही. पण ते रोज असतं, आणि रोज तिथंच असतं. काका... काकू गेल्या का?"

काकू नेमक्या मागंच उभ्या होत्या, हातात उलथनं घेऊन.

"कामून मारायलीस बाई मला?" त्या फोनमध्ये वाकून म्हणाल्या. "मी इथं जिती हाय की!"

फोनमधली पोरगी एवढी दचकली, की तिचा फोनच पडला आणि आम्हाला छत दिसलं. मला हसू फुटलं. बायको गेल्यापासून मी हसलो नव्हतो, त्यामुळं आवाजही धड हसल्यासारखा निघाला नाही, खोकल्यासारखा निघाला. आणि ते हसू मधेच कुठंतरी मोडलं. मी थापी हातात धरून तसाच बसून राहिलो. त्या घरात, त्या गल्लीत माणसं रोज माझ्याशी बोलत होती, कुणाला काही दिसलं नव्हतं. आणि ती पोरगी तिकडं पुण्यात बसून तळहाताएवढ्या काचेत बघत होती.

मालकांनी टोपी काढली. मॅडमकडं बघून म्हणाले, "मॅडम, खोटं बोललो. ते ताट माझं नाय. वर आमचे मिस्त्री ऱ्हात्यात, त्यांचं हाय. बाई त्यांची गेली." मग म्हणाले, "रोज वर जाऊन मी त्याचं ताट बघायलो, फोटो काढायलो, आन मला नुसती भांडीच दिसली."

"ते काका आहेत का तिथं? त्यांना फोन देता?"

माझे हात सिमेंटचे. मालकांनीच फोन माझ्या तोंडापुढं धरला.

"मला काय वजन उतरवायचं नाय," मी आधीच सांगून टाकलं.

"दिसतंय काका. तुमच्याकडं उतरवायला काही उरलेलंच नाही. तुम्ही पण ताट पाठवत जा मला."

"माझ्या फोनला फोटो निघत नाय."

"ह्या काकांच्या फोनवरनं पाठवा. आत्तापर्यंत पाठवतच होतात की."

मालकीणबाई फसकन हसल्या. मी हसलो नाही. मला राग आला होता, कशाचा ते सांगता येत नाही. मी म्हणालो, "बाई, तू चांगली हायेस. पण मला जेवून करायचंय काय? जगून तरी करायचंय काय?"

पोरीनं चष्मा काढला. लहान होती ती. काच पुसत राहिली.

उत्तर मालकांनी दिलं, आणि तेही असं खेकसून, जसं काही मी त्यांच्या भांड्यांतली वाटी हरवलीय. "पंगत उठंपर्यंत बसायचं असतं, मिस्त्री. मधनंच उठलास तर शेजारच्याचा अपमान व्हतो. एवढी अक्कल नाय का तुला?"

दुसऱ्या दिवशी दुपारी खालून हाक आली. "मिस्त्री, खाली ये. भगुणं न्यायचंय."

भगुणं म्हणजे त्यांच्या दुकानातलं जुनं पितळी पातेलं, गावजेवणाच्या आमटीचं. मी ते डोक्यावर घेऊन जिना चढलो, मागनं मालक आपलं जेवणाचं ताट फडक्यात बांधून, वळणावर थांबत, शिव्या घालत. वर आल्यावर म्हणाले, "पालथं घाल. इथं, तुझ्या शेजारी." त्या पालथ्या भगुण्यावर ते बसले. खाली बसता येत नव्हतं ना. मी जमिनीवर, ते भगुण्यावर, आणि माझ्या दुसऱ्या अंगाला तिचं पालथं ताट.

फडकं सोडलं. मालकीणबाईंनी वरण, मेथीची भाजी, दोन भाकरी दिलेल्या. त्यातली एक भाकरी आणि निम्मी भाजी त्यांनी माझ्या ताटात टाकली. माझ्या ताटातलं मीठ बोटानं उचलून मधोमध ठेवलं. पाणी फिरवलं. दोन्ही ताटांचा मिळून एक फोटो काढला. अंगठा आला.

"घे."

"मला नको."

"मग मी बी नाय."

मला वाटलं, हा माणूस भुकेपुढं किती टिकणार? भज्यांचा वास आला तर ज्याची वाट वाकडी होते, तो पुढ्यात मेथीची भाजी ठेवून किती बसेल? पण बसला. वरण निवालं. त्यांच्या पोटातनं असा आवाज आला, की मी खिडकीतून खाली बघितलं, रिक्षा आली का काय म्हणून. ते माझ्याकडं बघेनात. समोरच्या भिंतीकडं बघत राहिले, मीच बांधलेल्या.

"भिंत सरळ हाय रे तुझी," म्हणाले. "जिना कामून बिघडवलास मग?"

मी वैतागून घास घेतला. केवळ वैतागून. मग त्यांनी घेतला.

आणि शेवटीही तेच. माझं ताट रिकामं होईपर्यंत ते उठायचे नाहीत. हात वाळून जायचा, तरी ताटावर धरून बसायचे. मध्येच म्हणायचे, "सावकाश होऊ द्या." मला ते तीन शब्द इतके डोक्यात जायचे! पण खात गेलो. आधी राग म्हणून, मग सवय म्हणून. एक दिवस ते यायच्या आधीच मला भूक लागलेली होती. मी ते त्यांना सांगितलं नाही. उगाच डोक्यावर चढून बसले असते.

वजन मात्र त्यांचं उतरायला लागलं, आणि त्याचं कारण मॅडमना पुण्यात बसून कधी कळलं नसेल. माझ्या खोलीत वाढपी नव्हता. दुसरी भाकरी हवी असली तर तो जिना उतरून जायचं आणि परत चढून यायचं. मालक एकदा जिन्याकडं बघायचे, एकदा रिकाम्या ताटाकडं, आणि म्हणायचे, "पोट भरलं." मॅडमनी टाळ्या वाजवल्या, तेव्हा मी त्यांना बजावलं, "ह्यातल्या निम्म्या टाळ्या माझ्या जिन्याला."

गुडघ्यांचं ऑपरेशन झालं. दोन्ही. मी दवाखान्यात भेटायला गेलो तर हा माणूस गादीवर तोंड पाडून बसलेला. मला वाटलं, काही बिघडलं.

"डॉक्टर म्हणतो, आता खाली मांडी घालून बसायचं नाय. कदीच. नव्या गुडघ्यांना चालत नाय म्हणे." असं म्हणून त्यांनी माझा हात धरला. "आधी सांगायचं ना रे! एवढं तूप सोडलं मी!"

मी हसत नाही हसत नाही म्हणता इतका हसलो, की नर्सबाईंनी मला बाहेर काढलं.

बरे व्हायला त्यांना वेळ लागला. तोवर खालून फोन करायचे, "मिस्त्री, ताट दाखव." माझ्या लेकीनं मला फोटो निघणारा फोन पाठवला होता. मी दाखवायचो. ते म्हणायचे मीठ चुकलं. मी फोन बंद करून जेवायचो.

मग एक दिवस जिन्यावर पावलं वाजली. मी भाकरी थापत होतो. पावलं वळणापाशी आली आणि मी शिव्यांची वाट बघितली. शिव्या आल्या नाहीत. पावलं थांबलीच नाहीत. मालक दारात उभे, दम न लागता, हातात काठी, आणि तोंडावर असा भाव जसा काही गड चढून आलेत. हातात मात्र फडकं नव्हतं.

"ताट कुठंय तुमचं?" मी विचारलं.

"इसरलो."

भांड्यांच्या धंद्यात जन्म घालवलेला माणूस. एका वाटीसाठी टेम्पो मागं फिरवणारा. तो म्हणतो, ताट विसरलो. मी त्यांच्याकडं बघितलं. ते भगुण्यावर बसून भिंतीकडं बघत होते.

दुसरं ताट माझ्या खोलीत एकच होतं.

मी भाकरी तव्यावर टाकली, उलटली, शेकली. त्या दिवशी बरी झाली होती, दोन्ही बाजूंनी. मग हात धुतले आणि तिचं ताट उचलून सुलटं केलं. पालथ्या बाजूनं ते झिजून पांढुरकं झालं होतं, मी रोज पुसायचो म्हणून. आतून मात्र तसंच चकचकीत होतं. मीठ मधोमध ठेवलं. डावीकडं ठेचा, उजवीकडं भाजी. भाकरी वाढली. मालकांपुढं ठेवलं.

त्यांनी ताटाभोवती पाणी फिरवलं. चार शितं बाजूला ठेवायला भात नव्हता, तर भाकरीचा तुकडा ठेवला. फोन त्यांच्या खिशात होता. मी वाट बघत राहिलो.

"मॅडमना दाखवत नाय का?"

"नको," ते म्हणाले. "हे दाखवायचं ताट नाय."

पण घास उचलेनात. पंगतीची रीत, कुणीतरी म्हणायला हवं. खोली माझी, ताट माझ्या बायकोचं, म्हणजे म्हणायचं मीच होतं. मला त्यांचे ते तीन शब्द कधी तोंडात आणता आले नव्हते. मी म्हणालो, "सावकाश होऊ द्या, मालक."

आता मालक आणि मालकीणबाई पुण्यालाच असतात, लेकीकडं. खालच्या घरात दुसरे लोक आलेत. भगुणं माझ्याकडंच आहे, पालथं. पाहुणा आला की त्याला बसायला देतो. मॅडमचं ॲप मालकांनी सोडून दिलं, पण दुपारी जेवायच्या वेळेला माझा फोन वाजतो. तिकडं ते खुर्चीवर बसलेले, टोपी सारखी केलेली. ताट दाखवतो. ते आधी मीठ बघतात, मग भाजी, मग माझ्या अंगावरचा सदरा बघतात, सैल झालाय का. कधी कधी विचारतात, "कुठल्या ताटात जेवायलास?" मी सांगतो. एक दिवस माझ्यात, एक दिवस तिच्यात. पाळी लावलीय.

"बरं," म्हणतात. पण भाकरीला हात लावत नाहीत, मी घास घेईपर्यंत.

मी घेतो. लई वेळ उपाशी ठेवून चालत नाही त्या माणसाला.